गेल्या पावसात गाडी झाकताना आमचं काय चुकलं



मे महिना संपत आला. जाळी धुऊन वाळत पडली आहेत, बर्फाची शेवटची बिलं लागत आहेत आणि 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी तोंडावर आली आहे. ह्या दिवसांत संस्थेच्या ऑफिसात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "यंदा निळा कागद कधी येणार?"

निळा कागद म्हणजे ती प्लास्टिकची ताडपत्री. गेल्या वर्षी संस्थेने ती घाऊक भावाने आणली आणि एक पैसा नफा न घेता सभासदांना दिली. वर आम्हीच ह्या पानावर लिहिलं होतं की गाडी चारी बाजूंनी घट्ट बांधा, एक थेंब आत जाता कामा नये. यंदा आम्ही तो कागद आणणार नाही. का आणणार नाही, आणि त्याऐवजी काय करायचं, ते सांगायला हा लेख. थोडा लांब झालाय, पण ज्यांच्या घरी पिकअप, रिक्षा टेम्पो, स्कूटर काहीही उघड्यावर उभी असते त्यांनी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

संस्थेची पिकअप

आपल्या संस्थेची पिकअप तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बंदीत तिला काम नसतं. गेल्या वर्षी 31 मेच्या रात्री शेवटची फेरी झाली, मासळी बाजारात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले म्हणून आम्ही घाईघाईने तिला बर्फाच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत लावलं. वरून बादलीभर पाणी मारलं, निळा कागद घातला, खाली चाकांपर्यंत ओढून जुन्या जाळ्याच्या दोरीने करकचून बांधला. दोन महिने कोणी दोरी सोडली नाही. बाहेरून बघितलं की बरं वाटायचं. एवढा पाऊस कोसळतोय आणि गाडी आत सुकी आहे, असा आमचा समज.

ऑगस्टच्या सुरुवातीला कागद काढला तेव्हा आतून कुबट वास आला. सीटवर पांढरी बुरशी होती. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याला फोड आले होते. बॅटरी उतरली होती. ती चार्ज केली, सीट पुसली, गाडी चालू झाली, आणि आम्ही ती धक्क्यावर नेली. खाली वाकून बघायचं कोणाच्याही मनात आलं नाही. बंदी उठल्यावरचे पहिले दिवस म्हणजे सुंगटांचे दिवस, वेळ कोणाकडे असतो?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहाटे, क्रेट भरून गाडी बाजाराला निघाली असताना उतारावर ब्रेकचं पेडल खाली बसलं. ड्रायव्हरच्या शेजारी आपल्या एक सभासद बाय बसल्या होत्या. ड्रायव्हरने डोकं शांत ठेवलं, गियर खाली उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्याला घासत घासत थांबवली. बायच्या खांद्याला मार लागला, पंधरा दिवस त्यांना पाटी उचलता आली नाही. समोरून शाळेची बस किंवा कोणी चालत येत असता तर आज हा लेख लिहायला आमचं तोंड राहिलं नसतं.

मेस्त्रीने गाडी वर उचलून आम्हाला खाली बोलावलं. ब्रेक ऑइल नेणारी लोखंडी नळी गंजून पातळ झाली होती आणि एका ठिकाणी फुटली होती. शॅसीवर बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते. आम्ही म्हटलं, "कागदातून पाणी गेलं वाटतं." मेस्त्री हसला. म्हणाला, "पाणी वरून नाही गेलं. वाटल्यास बोट चाटून बघा." एकाने खरंच चाटलं. खारट होतं.

पावसापेक्षा मिठाची भीती

त्यानंतर आम्ही दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोललो, जुन्या माणसांशी बोललो, थोडं वाचलं. जे कळलं ते साध्या शब्दांत सांगतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. आपल्या गाड्यांना हे मीठ दोन वाटांनी लागतं. एक वाऱ्याने. किनाऱ्यावर लाटा फुटतात त्याचे बारीक तुषार हवेत असतात, ते पत्र्यावर येऊन बसतात. दुसरी वाट आपलीच. क्रेटमधून गळणारं पाणी, वितळलेला बर्फ, मासळीचं पाणी हे सगळं मागच्या हौद्याच्या फटींतून खाली शॅसीवर, ब्रेकच्या नळ्यांवर, पाट्यांवर गळत राहतं. गावातल्या इतर गाड्यांना वरून मीठ लागतं. मासळीच्या गाडीला ते वरून आणि आतूनही लागतं.

आता पावसाळ्यात घरच्या मिठाच्या बरणीकडे बघा. झाकण नीट नसलं तर पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतसुद्धा ओल धरून ठेवतात. आपल्याकडे जून-जुलैत हवा बहुतेक वेळ ह्या हद्दीच्या वरच असते. म्हणजे पत्र्यावर मीठ राहिलं असेल तर तो पत्रा दोन महिने सुकतच नाही, मग वरून पावसाचा एक थेंब पडो न पडो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा फार लवकर चढतो.

मग प्लास्टिकने काय केलं? पेजेच्या टोपावर झाकण ठेवलं की झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात, तेच केलं. पावसात मध्येच ऊन पडतं, गाडीखालची ओली जमीन तापते, वाफ वर येते. प्लास्टिकमधून ती बाहेर जाऊ शकत नाही. रात्री गार झालं की तीच वाफ पाणी होऊन पत्र्यावर, सीटवर, वायरींवर बसते. दुसऱ्या दिवशी परत तेच. चारी बाजूंनी घट्ट बांधा असं सांगून आम्ही तुम्हाला वारा जायची वाटच बंद करायला लावली. चूक आमची होती. ज्यांच्या गाड्यांचं नुकसान झालं त्यांची संस्थेतर्फे मनापासून माफी मागतो.

म्हातारी माणसं काय करत होती

गंमत अशी की ही गोष्ट आपल्या घरात पूर्वीपासून माहीत होती. होडी वर ओढली की आपले आजे तिला कधी गुंडाळत नसत. माडाची चुडतं विणून झाप करायचे, दोन्ही बाजूंना उतार देऊन त्यांचं छप्पर करायचे आणि पुढची-मागची टोकं उघडी ठेवायचे. पाणी झापावरून वाहून जायचं, वारा आरपार जायचा. लाकडाला आधी काजूच्या टरफलांचं तेल लावलेलं असायचं. आत बसलं तर वारा लागायचा, अंग भिजायचं नाही. पावसाळ्यात घराच्या व्हरांड्याला झडीसाठी लावायचे ते झापही तसेच, पाणी अडवायचे आणि हवा सोडायचे.

आम्ही हे ऐकत मोठे झालो आणि गाडीच्या वेळी नेमकं विसरलो. आपल्या भागात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या पावसात गाडीच्या डोक्यावर छप्पर हवंच. उघड्यावर ठेवलेल्या गाडीचा रंग उडतो, सीट फाटते, रबरं कडक होतात, दिव्यांत पाणी शिरतं. तेव्हा झाकायचं नाही असं आमचं म्हणणं नाही. झाकायचं, पण होडीला झाकतो तसं.

झाकण्याआधी धुणं

सगळ्यात महत्त्वाचं काम कव्हर घालण्याच्या आधीचं आहे. गाडी गोड्या पाण्याने धुवायची, आणि खालून धुवायची. वरचा पत्रा सगळेच धुतात. पाइप घेऊन खाली वाका, मडगार्डच्या आतल्या कडा, शॅसीच्या पोकळ्या, हौद्याच्या फळ्यांखालच्या फटी, सगळीकडे पाणी मारा. खालून गळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत मारा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर काडीने मोकळी करा.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलं तर मीठ काढायच्या ऐवजी मीठच लावलं असं होईल. चव घेऊन बघा. विहीर मचूळ असेल तर नळाचं पाणी वापरा किंवा पहिल्या एक-दोन सरींचं पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा. जोराच्या प्रेशरचा पाइप इंजिनच्या वायरींवर, चाकांच्या बेअरिंगवर किंवा इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीजवळ मारू नका.

धुतल्यावर गाडी सुकली पाहिजे. एक छोटी फेरी मारून या म्हणजे ब्रेकमधलं पाणी जाईल, मग दार, बोनेट उघडं टाकून कडक उन्हात दिवसभर ठेवा. खालचे मॅट काढून घरात न्या. कागदपत्रं, फडकी, जुन्या पिशव्या, बर्फाचा रिकामा डबा, काहीही आत ठेवू नका. ओली गाडी झाकण्यापेक्षा एक दिवस न झाकलेली परवडली.

गंजाला आळा म्हणून काही जण जुनं इंजिन ऑइल खाली फासतात. ते करू नका. रबराची बुशं आणि नळ्या त्याने खराब होतात, ब्रेकवर गेलं तर धोका, आणि उरलेलं पावसात वाहून आपल्याच खाडीत जातं. गॅरेजमध्ये खालून लावायचं कोटिंग मिळतं, ते धुऊन सुकवलेल्या आणि गंज खरवडलेल्या पत्र्यावर लावून घ्या. गंजावरून तसंच लावलं तर आत गंज चालूच राहतो.

छप्पर कसं करायचं

गेल्या वर्षीचा निळा कागद टाकून देऊ नका. तोच वापरा, फक्त गाडीला गुंडाळू नका.

बांबूची किंवा लोखंडी पाइपची चौकट करा. मधला आडा उंच ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंना उतार मिळेल आणि वर पाणी साचणार नाही. गाडीच्या टपापासून कागद निदान हातभर उंच राहू द्या. पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूचा कागद थोडा खाली उतरवा, पण जमिनीला टेकवू नका. खालून वीत-दोन वीत वाऱ्याला जागा हवी.

जागा निवडताना खाली चिरे किंवा सिमेंट असेल अशी निवडा. गवतावर, मातीवर ठेवलेल्या गाडीला खालून ओल लागत राहते. माडाखाली लावू नका, नारळ पडला की काच गेली. घराच्या पागोळ्या थेट गाडीवर पडतील अशीही लावू नका.

कागद बांधताना दोरी चाकाला, आरशाला किंवा बंपरला बांधू नका. जमिनीत खुंट्या मारा किंवा जड चिऱ्यांना बांधा. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा कितीजणांचे कागद माडावर जाऊन अडकले होते ते आठवा. कागद फडफडला की फाटतो, आणि गाडीला घासला तर त्यावरच्या वाळूने रंग खरवडला जातो. एक सोपा उपाय आपल्याकडेच आहे. कागदावरून जुनं जाळं टाका आणि ते चारी बाजूंनी ओढून बांधा. वारा सुटला तरी कागद जाग्यावर राहतो.

ज्यांना कव्हर थेट गाडीवरच घालायचं आहे त्यांनी आतून मऊ कापड असलेलं आणि हवा जायला झडपा असलेलं कव्हर घ्यावं. जुन्या जाड सुती ताडपत्रीचा एक गुण होता. भिजली की सूत फुगून पाणी अडायचं, सुकली की हवा खेळायची. आता ती महाग आणि जड, पण कोणाच्या माळ्यावर पडून असेल तर बाहेर काढा.

बंदीच्या दोन महिन्यांत काय करायचं

उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. सपाट जागेवर गियरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून चिरे लावा. टाकी भरलेली ठेवा आणि झाकण घट्ट लावा. रिकाम्या टाकीत आत ओल धरते, आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं.

आठवड्यातून एकदा, उघडीप बघून, गाडी बाहेर काढा. नुसती उभ्या जागी घुर्र करून बंद करू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा म्हणजे इंजिन तापेल, बॅटरी चार्ज होईल, ब्रेक मोकळे होतील. सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारा आणि उघडून बघा. पावसात उबेला उंदीर येऊन वायरी कुरतडतात, आणि उंदरामागे जनावरही येतं. हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा.

1 ऑगस्टला गाडी रस्त्यावर काढण्याआधी मेस्त्रीला खालून दाखवा. ब्रेकच्या नळ्या, ब्रेक ऑइल, टायर, दिवे. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं. हे तपासायला अर्धा तास लागतो. आमचा तो अर्धा तास गेल्या वर्षी एका बायच्या खांद्यावर गेला.

स्कूटर आणि इंजिन

स्कूटर तर रोज वापरात असते, त्यामुळे तिला प्रत्येक वेळी ओलं कव्हर घालणं आणि काढणं हेच नुकसानीचं होतं. रात्री वळचणीला किंवा व्हरांड्यात घ्या, सीट तेवढी झाका. गरम सायलेन्सरवर प्लास्टिक घालू नका, वितळून चिकटतं. पायाशी मासळीची पाटी ठेवून नेता त्यांनी घरी आल्यावर दोन तांबे गोडं पाणी त्या जागेवर आणि खाली ओतावं. इलेक्ट्रिक स्कूटर कव्हरखाली ठेवून चार्ज करू नका.

होडीच्या बाहेरच्या इंजिनाची गोष्टही तीच. बंदीआधी गोड्या पाण्यावर चालवून आतलं खारं पाणी काढा, उभं ठेवून पूर्ण निथळू द्या आणि घरात किंवा छपराखाली उभंच ठेवा. गियर ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच दुरुस्त करून घ्या. ओल्या इंजिनाला पिशवी बांधू नका.

विम्याबद्दल दोन शब्द

आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं की विमा मिळाला का. पुराचं पाणी शिरलं, झाड पडलं तर ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांना भरपाई मागता येते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळत नाही. आणि हळूहळू चढलेल्या गंजाचे पैसे पूर्ण विम्यातही मिळत नाहीत. पॉलिसी काढून एकदा बघा, वाचता येत नसेल तर ऑफिसात घेऊन या, आम्ही वाचून सांगू.

यंदा संस्था काय करणार

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातपासून बर्फाच्या शेडमागे गोड्या पाण्याचा टँकर उभा असेल. ज्याला गाडी, स्कूटर, इंजिन धुवायचं असेल त्याने घेऊन यावं. मेस्त्री दिवसभर थांबणार आहे, ब्रेकच्या नळ्या बघून देईल. त्याची मजुरी संस्था देईल, सामान लागलं तर ज्याचं त्याने घ्यायचं. दुपारनंतर त्याच जागेवर बांबूच्या चौकटी उभ्या करू. ज्यांच्या घराजवळ जागा नाही त्यांच्या गाड्या तिथे बंदीभर राहतील. येताना गेल्या वर्षीचा निळा कागद, एखादं जुनं जाळं आणि हात दोन, एवढं आणा. झाप विणता येणारी जी म्हातारी माणसं आहेत त्यांना मुद्दाम घेऊन या, तरुण पोरांना ते शिकून घ्यायचं आहे.

ज्या बायना मार लागला त्यांना आम्ही हा लेख आधी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "लिहा सगळं, पण आमचं नाव नको. आणि रविवारी ती पिकअप पयली धुवा." तेव्हा पहिला नंबर संस्थेच्या पिकअपचा. दुसरा ज्याचा त्याने येऊन लावावा.